उंबऱ्यावरची पट्टी

आज बोलायला बसण्याआधी एक कागद शोधून आणा. देवघराच्या मागे असेल, रेशनकार्डाच्या पिशवीत असेल, नाहीतर भिंतीवरच्या फोटोमागे खोचलेला असेल. ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं बिल. सापडलं तर समोर ठेवा. नाही सापडलं तर निदान ते शेवटचं कुणाच्या हातात दिलं होतं ते आठवा.

आम्ही हे का सांगतोय? कारण या कागदाने आमच्याच गटातल्या एका वहिनीची निवडणूक घालवली. गावातल्या वॉर्डात महिलेसाठी राखीव जागा होती. वहिनी सातवी शिकलेली, गटाचे हिशोब चोख, बोलायला खमकी. आम्ही सगळ्यांनी तिला उभं केलं. कागद गोळा करायला आम्हीच सोबत फिरलो. जातीचं प्रमाणपत्र झालं, शौचालयाचा दाखला झाला, अपत्यांचं घोषणापत्र झालं. तिच्या नव्या दोन खोल्यांची घरपट्टी भरलेली होती, त्याची पावतीही जोडली. छाननीच्या दिवशी समोरच्या बाजूने हरकत आली की जुन्या घराची दोन वर्षांची पट्टी थकली आहे. जुनं घर सासऱ्यांच्या नावावर. थकबाकी हजार रुपयेसुद्धा नव्हती. वहिनी म्हणाली, ते घर माझं नाही, सासऱ्यांचं आहे, मी आत्ता भरते. पण कुटुंब एकत्र, रेशनकार्ड एक, चूल एक. निवडणूक अधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं आणि अर्ज बाद केला. त्याहून वाईट म्हणजे आठ महिन्यांपूर्वी ते बिल घरी आलं होतं तेव्हा सासरे शेतात होते. बिल घेतल्याची सही वहिनीचीच होती. तिने ते घेतलं, फोटोमागे ठेवलं आणि संध्याकाळी सांगायचं राहून गेलं.

चूक तिची एकटीची नाही. आम्ही बरोबर होतो, दहा कागद तपासले आणि हा अकरावा विचारलाच नाही. तेव्हापासून ठरवलं की हा कागद आधी आपण नीट समजून घ्यायचा. समजून घ्यायला बसलो तर तो फार जुन्या काळापर्यंत घेऊन गेला.

आपल्याकडे गाव मोजायचं माप काय होतं? माणसं नाहीत, घरं. आजही म्हातारी माणसं म्हणतात, दोनशे उंबऱ्यांचं गाव. लग्नाचं आमंत्रणही उंबऱ्यामागे असतं. पट्टीही तशीच उंबऱ्यावर बसायची. पेशवाईच्या शेवटच्या काळातल्या करांची नावं वाचली तर हसूही येतं आणि वाईटही वाटतं. घरावर घरपट्टी, म्हशीवर म्हैसपट्टी, लग्नावर लग्नटका. विधवेने पाट लावला तर त्यावर पाटदाम. म्हणजे नवरा गेलेल्या बाईने दुसरं घर करायचं म्हटलं की सरकार आधी हात पुढे करणार. कुणी विचारेल, हे कर सगळीकडे सारखे होते का? नव्हते. या परगण्यात एक, त्या परगण्यात दुसरा. कारागिरांवर, दुकानांवर, मागांवर जो कर असे त्याला मोहतर्फा म्हणत. सुतार, कोष्टी, तेली, सगळे त्यात आले.

इंग्रज आले तेव्हा त्यांना हे सगळं जंजाळ वारशाने मिळालं. पंचवीसेक वर्षं त्यांनीही ते वसूल केलं. मग 1844 साली मुंबई इलाख्यात एका कायद्याने मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर आणि धंद्यांवरचे असे बरेच जुने कर रद्द झाले. याचा अर्थ सरकार उदार झालं असा घेऊ नका. जमिनीचा सारा होताच आणि तोच मुख्य होता. पुढे 1860 च्या दशकात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. रस्ते आणि शाळा यांच्यासाठी, असं सांगितलं गेलं. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा आसूड लिहिला त्यात या लोकल फंडाबद्दल चांगलीच चीड आहे. पैसा शेतकऱ्याचा, आणि शाळेत शिकतो कोण, हा त्यांचा सवाल होता. आम्हाला वाटतं, कर म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. किती, हा दुसरा.

गावाने स्वतःच्या गावासाठी कर घ्यायचा ही गोष्ट त्यामानाने अलीकडची. 1920 साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला आणि 1933 साली दुसरा. पंचायतीला घरपट्टी बसवता येऊ लागली. 1920 च्या त्या कायद्यात पंच निवडायचा हक्क गावातल्या प्रौढ पुरुषांना होता. घर सारवायचं बाईने, उंबरा पुजायचा बाईने, आणि त्या उंबऱ्यावर पट्टी किती बसवायची हे ठरवणारा माणूस निवडताना बाईला विचारायचं नाही.

वरच्या पातळीवर काय होतं तेही सांगतो. कायदेमंडळासाठी मत द्यायचं तर ठरावीक सारा भरणारा किंवा ठरावीक किमतीचं घर असणारा माणूस पाहिजे असे. 1921 साली मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळाला, पण अट तीच राहिली. सारा तुमच्या नावाने जायला हवा, घर तुमच्या नावाने हवं. आता सांगा, त्या काळात किती बायकांच्या नावाने सारा जात होता? हक्क कागदावर मिळाला आणि कागद नवऱ्याच्या नावाचा होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने ही अट काढली. एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मत, पुढे अठराच्या. मत आणि कर यांची गाठ सुटली, असं आपल्याला वाटलं. पूर्ण सुटली नव्हती. वहिनीच्या अर्जावर ती गाठ पुन्हा दिसली.

आज आपल्या गावात जो कायदा चालतो तो 1958 चा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. तेव्हा त्याचं नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम होतं. विदर्भात, मराठवाड्यात त्याआधी वेगवेगळे कायदे होते, ते या एका कायद्याखाली आले. त्यातलं कलम 124 सांगतं की पंचायतीला कोणते कर घेता येतात. 1960 साली कर आणि फी यांचे नियम झाले, त्यात वेळोवेळी बदल होत आले. कलम 129 वसुलीचं आहे. आणि कलम 14 सदस्याच्या अपात्रतेचं. वहिनीचं घोडं अडलं ते या कलम 14 मध्ये.

ते कलम काय म्हणतं ते सोप्या भाषेत सांगतो, कारण हे प्रत्येक गटाने पाठ करावं असं आहे. पंचायतीने कराचं बिल रीतसर बजावलं आणि त्या दिवसापासून तीन महिन्यांत ते भरलं नाही, तर तो माणूस पंचायतीचा सदस्य व्हायला किंवा राहायला अपात्र ठरतो. राहायला, हे लक्षात घ्या. निवडून आलेल्या बाईचं पदसुद्धा यात जाऊ शकतं. आणि कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला, किंवा रूढीने एकत्र राहणाऱ्या, एकत्र मिळकत असणाऱ्या गटातल्या एकाने थकवला, तर ती थकबाकी सगळ्यांची धरायची. बिल सासऱ्यांच्या नावाचं, पण अपात्रता सुनेची. त्याच स्पष्टीकरणात एक वाटही आहे. उमेदवारी अर्जासाठी ठरलेल्या दिवसाच्या आधी थकबाकी भरली असेल तर अपात्रता लागत नाही. छाननीच्या दिवशी भरून उपयोग नाही. वहिनी चार-पाच दिवस आधी पंचायतीत गेली असती तर हजार रुपयांत काम झालं असतं.

हे कलम लिहिलं तेव्हा पंचायतीत बायका फारशा नव्हत्या. मग 1990 साली राज्याने तीस टक्के जागा बायकांना राखून ठेवल्या. 1993 साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. 2011 साली महाराष्ट्रात निम्म्या. एवढ्या बायका पंचायतीत आल्या, पण नमुना 8 वर नावं होती ती पुरुषांचीच राहिली. त्यामुळे झालं असं की पद बाईचं, बिल पुरुषाचं, आणि पुरुषाने बिल थकवलं तर पद जाणार बाईचं. विरोधकांना हे बरोबर माहीत असतं. गावात कुणाच्या सासऱ्याची, कुणाच्या दिराची पट्टी थकली आहे याची यादी निवडणुकीआधी कुणीतरी काढतंच. ती यादी आपण आधी काढायची की त्यांनी, एवढाच प्रश्न आहे.

आता नमुना 8 म्हणजे काय ते बघू. ग्रामपंचायतीच्या हिशोबाच्या वह्यांना नंबर आहेत. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही. गावातलं प्रत्येक घर, त्याचा नंबर, लांबी-रुंदी, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, मालक कोण, राहतो कोण, आणि त्यावर कर किती, हे त्यात असतं. नमुना 9 ही मागणीची वही, म्हणजे यंदाचं किती आणि मागचं किती. त्यावरून आपल्याला जे बिल येतं ते नमुना 9 क. आणि पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना 10. पैसे दिले आणि पावती नंतर देतो म्हणाले, तर पैसे दिले असं धरू नका. आम्ही एका घरी तीन वर्षांची पट्टी दोनदा भरलेली पाहिली आहे, केवळ पहिल्या वेळी पावती नव्हती म्हणून.

एक गैरसमज आम्हाला बैठकीत नेहमी भेटतो. घरपट्टी माझ्या नावाने येते म्हणजे घर माझं झालं. तसं नाही. नमुना 8 कर घेण्यासाठी आहे, तो मालकीचा शेवटचा पुरावा नाही. पण म्हणून तो बिनकामाचाही नाही. बाईला घरातून काढायची भाषा होते तेव्हा, घरकुलाच्या वेळी, कर्जाच्या वेळी, त्यावर तिचं नाव असणं आणि नसणं यात फरक पडतो. 2003 साली ग्रामविकास विभागाने सांगितलं की घराची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या नावाने करावी. त्याच्या दहाबारा वर्षं आधी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं होतं, शेतीचा तुकडा घरधनिणीच्या नावावर करा म्हणून. शेत आणि घर, दोन्हीकडे एकच गोष्ट. आम्ही आमच्या गटांत बिलं जमवली तेव्हा एकोणीस बिलांपैकी दोघांची नावं असलेली तीन निघाली. कायदा आडवा येत नव्हता. कुणी अर्जच केला नव्हता. एकीचा नवरा म्हणाला, मला काय अडचण, पण आजवर कुणी म्हणालंच नाही.

आता बिलावरचे रकाने. घरपट्टी वेगळी, दिवाबत्ती कर वेगळा, आरोग्य किंवा सफाई कर वेगळा, पाणीपट्टी वेगळी. पाणीपट्टीतही दोन प्रकार असतात. सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्यांसाठी सामान्य पाणीपट्टी, आणि घरात नळ घेतला असेल तर विशेष पाणीपट्टी. घरात नळ आहे आणि बिलात दोन्ही लावल्या आहेत, असं दिसलं तर विचारायला जा. गल्लीत दिवाच नाही आणि दिवाबत्ती कर मात्र आहे, हे रडगाणं तर प्रत्येक गावात आहे. त्यासाठी पट्टी थकवू नका, ग्रामसभेत उभं राहून विचारा. थकवणाऱ्या माणसाचं ग्रामसभेत कुणी ऐकून घेत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरपट्टीचा आकडा कसा निघतो, यात मोठा बदल झाला तो आपल्या डोळ्यांसमोरच. 1999 नंतर घराच्या क्षेत्रफळावर कर होता. घर मातीचं की सिमेंटचं ते पाहून चौरस फुटाला इतके पैसे. ही पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. मधल्या काळात बऱ्याच ठिकाणी वसुलीचा घोळ झाला आणि लोकांना वाटलं घरपट्टी बंदच झाली. काही घरांची थकबाकी त्या काळातलीच आहे. मग 31 डिसेंबर 2015 ला सरकारने नियम बदलले आणि कर घराच्या भांडवली मूल्यावर आला. म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा सरकारी दर, घर किती जुनं झालं म्हणून त्यातून घसारा वजा, आणि घर राहायला वापरता की दुकानाला त्याप्रमाणे भारांक. हे सगळं गुणून घराचं मूल्य काढायचं. मग त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे किंवा रुपया-दीड रुपया, असा कर. सरकारने कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर ठरवून दिलेले आहेत, त्यांच्या मधला दर आपली ग्रामपंचायत ठरवते. समजा घराचं मूल्य दोन लाख आलं आणि दर हजाराला एक रुपया असेल, तर वर्षाची घरपट्टी दोनशे रुपये. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी यांची भर वेगळी.

यात आपल्या कामाची गोष्ट एक. घसारा. घर चाळीस वर्षांपूर्वीचं मातीचं आहे आणि वहीत मात्र ते अलीकडे बांधलेलं सिमेंटचं लागलं असेल, तर मूल्य फुगतं. लांबी-रुंदी चुकली तरी फुगतं. घर पडलं, एक खोली पाडली, गोठा काढला, आणि वहीत सांगितलंच नाही, तर पडलेल्या भिंतीची पट्टी आपण भरत राहतो. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायची असते. तेव्हा यादी पंचायतीत लावतात आणि हरकती मागवतात. ती यादी वाचायला पुरुषच जातात, तेही दोन-चार. बाईला घराची प्रत्येक भिंत माहीत असते, कारण ती लिंपलेली असते. यादी वाचायला तिनेच गेलं पाहिजे. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. पंचायतीने ऐकलं नाही तर अपील पंचायत समितीकडे करता येतं.

सवलतींबद्दल खूप अफवा आहेत, म्हणून तेवढं सांगतो. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, चालू वर्षाचा कर भरला तर पाच टक्के सूट असते आणि वर्ष उलटल्यावर थकबाकीवर पाच टक्के जादा लागतात. ही सूट चालू वर्षावर असते, मागच्या बाकीवर नाही. पाच टक्के म्हणजे दोनशेला दहा रुपये, फार नाही. पण दहा रुपये वाचवणं आणि दहा रुपये दंड भरणं यात वीस रुपयांचा फरक पडतो. गटातल्या बायकांना हे सांगायला नको, आपण दोन टक्क्यांचा हिशोब तोंडी करतो.

माजी सैनिकांच्या घरांना घरपट्टी माफ आहे. आधी काही ठरावीक जणांना होती, 2020 साली सगळ्या माजी सैनिकांना आणि माजी सैनिकांच्या विधवांना ती दिली गेली. यावरून गावात पसरलं की विधवेला घरपट्टी माफ. तसं नाही. सैनिकाच्या विधवेला आहे, इतर विधवांना नाही. आमच्या एका मावशीने या अफवेवर तीन वर्षं भरली नाही आणि मग एकदम भरताना तिला गटातून कर्ज काढावं लागलं. एकटीने घर चालवणाऱ्या बाईला सवलत असावी का? आम्हाला वाटतं असावी. इंग्लंडमध्ये घरात एकच प्रौढ माणूस राहत असेल तर तिथल्या स्थानिक घरकरात पंचवीस टक्के सूट मिळते. तिथेही 1990 मध्ये सरकारने घराऐवजी माणशी कर बसवला होता. लोक रस्त्यावर आले, तो कर मागे घ्यावा लागला आणि 1993 पासून पुन्हा घराच्या किमतीवर कर आला. म्हणजे कर कसा बसवावा आणि सूट कुणाला द्यावी, हे लोकांनी बोलल्यावर बदलतं. आपल्याकडे एकल महिलांचा ठराव ग्रामसभेत मांडायला कुणी अडवलेलं नाही. मंजूर होईल न होईल, पण सवाल तर नोंदला जाईल.

भरलंच नाही तर काय? कलम 129 मध्ये पायऱ्या आहेत. आधी बिल. मग मागणीची नोटीस, तिचा खर्च आपल्याच माथी. मग जंगम मालाची जप्ती, म्हणजे घरातल्या वस्तू. त्यातूनही वसूल झालं नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. गावात जप्ती फारशी होत नाही, कारण वसूल करणारा आणि थकवणारा एकाच पंगतीत जेवतात. पण होत नाही म्हणून होणारच नाही असं नाही.

कर भरून मिळतं काय, हा फुल्यांचाच प्रश्न. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं असलं. वरून येणारा निधी यात धरत नाहीत. समजा एका गावाचं स्वतःचं उत्पन्न सहा लाख व्हायला हवं. तर साठ हजार बायका-मुलांचे. वसुली निम्मी झाली की तीस हजार. म्हणजे पाटलांच्या वाड्याची पट्टी थकते तेव्हा आपल्या अंगणवाडीच्या पैशांतून थकते. हे आम्ही एका ग्रामसभेत बोललो तेव्हा काही जण हसले, पण ग्रामसेवकांनी मान डोलावली. त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, जिभेला अजून सवय नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे ठरलं की जो सगळी पट्टी भरेल त्याला गावाच्या गिरणीत वर्षभर दळण मोफत. लोक म्हणाले, दळणाच्या लोभाने भरतात. भरू द्या की. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन कोण जातं? बाई. पिठाचे पैसे तिच्या कनवटीतून जातात. त्यामुळे घरात पट्टीची आठवण करून द्यायला बाई आपोआप उभी राहिली. पुरुषाने पट्टी भरली तर त्याला रस्ता दिसतो, दिवा दिसतो, आणि तो म्हणतो हे तर सरकारचंच काम. बाईला पीठ दिसलं. ज्याने ही युक्ती काढली त्याला घर कोण चालवतं हे माहीत होतं.

आता आमच्या गटांनी काय केलं तेवढं सांगून थांबतो. सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीने बिल आणायचं. वाचता येणारीने शेजारणीचं वाचायचं. चार गोष्टी बघायच्या. नाव कुणाचं, मागची बाकी किती, रकाने कोणते लावलेत, आणि घराचं माप बरोबर आहे का. एकत्र कुटुंबात जितकी घरं असतील तितकी बिलं आणायची, सासऱ्यांचं, दिराचं, बंद पडलेल्या जुन्या घराचंसुद्धा. पैसे कमी पडले तर गटातून अंतर्गत कर्ज, दिवाळीपर्यंत फेड. दोन नावांचा अर्ज नवरा-बायको दोघांच्या सह्यांनी, सोबत आधारची प्रत आणि मागची पावती. एका ग्रामपंचायतीत आम्हाला तीन वेळा परत पाठवलं, चौथ्या वेळी मासिक सभेत घेतलं.

त्या वहिनीने जुन्या घराची बाकी त्याच आठवड्यात भरली होती. अर्ज बाद झाल्यावर भरली, तेव्हा लोकांना वाटलं आता काय उपयोग. पुढच्या वर्षी बिल आलं तेव्हा सासरे पुन्हा शेतातच होते. तिने सही करून घेतलं, वाचलं आणि संध्याकाळपर्यंत न थांबता फोन लावला. सासरे म्हणाले, कपाटात पैसे आहेत, तूच जाऊन भर. पावती तिने फोटोमागे नाही ठेवली. गटाच्या फायलीत लावली. नव्या खोल्यांच्या बिलावर आता दोन नावं आहेत, तिचं दुसरं. पुढच्या निवडणुकीला उभी राहणार का, असं आम्ही विचारलं तर म्हणाली, आधी दिराच्या घराचं बिल बघून येते.